एक यंत्र, दोन पाळ्या



या व्यासपीठावर बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी विषय आमच्यावरच सोपवला होता. बोनस, कंत्राटी कामगार किंवा नव्या श्रमसंहिता यांपैकी एखादा विषय आम्ही घेऊ, अशी त्यांची समजूत असावी. आम्ही ‘युरोपातील मोटार-शर्यतींचा एक हंगाम’ असा विषय कळवला, तेव्हा त्यांचा फोन आला की, विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही ना? आम्ही सांगितले, चूक काही नाही, विषय हाच.

आमचे शाळेतले शिक्षण आठवीत संपले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्यांच्या फाटकांवर झाले. आमचे वडील गिरणीत साचे चालवीत. त्यामुळे कोणतेही यंत्र दिसले की आमच्या मनात तीन प्रश्न आपोआप उभे राहतात. हे यंत्र कोणाच्या मालकीचे? ते चालवणार कोण? आणि ते मोडले तर भुर्दंड कोणावर पडणार? फाटकसभा संपली की तरुण कामगार हातातल्या फोनवर मोटारींच्या शर्यती पाहत उभे असतात. त्यांना रागावण्यात अर्थ नाही. ज्या गोष्टीत आपल्या तरुणांचे मन गुंतले आहे, तिच्याकडे हेच तीन प्रश्न घेऊन जावे, असे आम्हाला वाटले. म्हणून आज या विषयाचा प्रपंच.

प्रथम हे ‘स्टॉक कार’ प्रकरण काय आहे ते पाहू. दुकानातल्या साठ्यातून कोणीही विकत घ्यावी अशी साधी गाडी, ती स्टॉक कार. शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेली उघड्या चाकांची नाजूक गाडी वेगळी. अमेरिकेच्या दक्षिण भागात, कॅरोलायना आणि जॉर्जिया या राज्यांत, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून अशा साध्या गाड्यांच्या शर्यती मातीच्या रस्त्यांवर होत. त्यांतले कित्येक चालक चोरटी दारू रातोरात पोचवणारे होते. पोलिसांच्या गाडीपुढे राहायचे तर इंजिन आणि स्प्रिंगा दोन्ही पक्क्या हव्यात, एवढे यंत्रशास्त्र त्यांना पोटाने शिकवले होते. बघायला येणारे लोक कोण? तर शेतमजूर आणि कापड-गिरण्यांतले कामगार. तो सारा मुलूखच गिरण्यांचा. १९३४ साली अमेरिकेत कापड-कामगारांचा देशव्यापी संप झाला, सुमारे चार लाख कामगार त्यात उतरले होते. तो संप फसला आणि दक्षिणेतल्या हजारो कामगारांना पुन्हा गिरणीचे फाटक दिसले नाही. ज्यांनी १९८२ चा मुंबईचा संप पाहिला, त्यांना याचा अर्थ फोडून सांगायला नको. त्या मुलखात पुढे अनेक वर्षे युनियन हा शब्द दबक्या आवाजात उच्चारला गेला. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण तिचा धागा पुढे लागणार आहे.

१९४७ च्या डिसेंबरात फ्लॉरिडातील डेटोना बीच येथे बिल फ्रान्स नावाच्या गृहस्थाने शर्यतींच्या आयोजकांना एकत्र बोलावले आणि १९४८ च्या फेब्रुवारीत ‘नॅस्कार’ ही संस्था नोंदली गेली. १९४९ च्या जूनमध्ये शार्लट येथे या संस्थेची निखळ साध्या गाड्यांची पहिली शर्यत झाली. पहिला आला ग्लेन डनवे. पण तपासणीत त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा मजबूत करून घेतलेल्या आढळल्या. गाडी ‘साठ्यातली’ राहिली नाही, म्हणून त्याला बाद करून कॅन्ससच्या जिम रोपरला विजयी ठरवले. म्हणजे गाडी सर्वांची सारखी हवी, हे तत्त्व या खेळाच्या पहिल्याच दिवशी उभे राहिले. आणि सारखी म्हणजे काय, ते संस्थेचा मालक ठरवणार, हेही त्याच दिवशी ठरले. नॅस्कार ही फ्रान्स कुटुंबाच्या हातातली संस्था, आणि ती तशीच राहिली.

आता युरोपात येऊ. २००९ साली फ्रान्स देशात जेरोम गालपँ यांच्या पुढाकाराने अमेरिकन पद्धतीच्या गाड्यांची एक शर्यत-मालिका सुरू झाली. २०१२ मध्ये नॅस्कारने तिला मान्यता दिली आणि २०१३ मध्ये मालिकेला ‘व्हेलन’ या अमेरिकन कंपनीचे नाव लागले. पोलीस आणि रुग्णवाहिका यांच्यावरचे दिवे व भोंगे बनवणारी ही कंपनी. स्पेनचा आंदेर व्हिलारिन्यो २०१२, २०१३ आणि २०१५ असा तीनदा विजेता झाला. बेल्जियमचा अँथनी कुम्पेन २०१४ आणि २०१६ मध्ये.

या गाडीला नावापुरतीच स्टॉक कार म्हणायचे. आतला सांगाडा पोलादी नळ्यांचा, शर्यतीसाठीच बांधलेला. त्यात ५.७ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन, ताकद सुमारे ४०० अश्वशक्ती. वर जे कवच बसते ते कुठे शेव्हरोलेचे, कुठे फोर्डचे, कुठे टोयोटाचे. कवच काढले की आतली यंत्रे जवळजवळ एकसारखी. चार गिअर, तेही हाताने टाकायचे. चाक घसरू लागले तर सावरणारी विद्युत-यंत्रणा नाही, ब्रेक जाम होऊ नयेत म्हणून लागणारी योजना नाही. आज आपल्या रस्त्यावरच्या साध्या मोटारसायकलींवरही ज्या सोयी असतात, त्या या गाडीत मुद्दाम ठेवलेल्या नाहीत. हेतू दोन. एक, खर्च आटोक्यात राहावा. दुसरा, निकाल पैशाच्या थैलीवर लागण्याऐवजी चालकाच्या हातापायांवर लागावा. दुसरा हेतू पुरता साधला, असे आम्ही म्हणणार नाही. चालकाला गाडी मिळते ती बहुधा प्रायोजकाचा पैसा बरोबर आणला तरच. परंतु फाटकातून आत शिरल्यावर तरी अवजार सारखे, एवढे कबूल केले पाहिजे.

आणि आता ज्या गोष्टीने आम्ही या मालिकेकडे ओढले गेलो, ती सांगतो. इथे चालकांचे दोन विभाग. पहिल्यात मुरलेले, दुसऱ्यात शिकाऊ किंवा हौशी. २०१८ मध्ये त्यांना एलिट एक आणि एलिट दोन म्हणत. एका मुक्कामाला दोन्ही विभागांच्या साधारण दोन-दोन शर्यती होतात, शनिवारी आणि रविवारी. पण दोन्ही विभागांचे चालक वापरतात ती गाडी एकच! मुरलेला गडी उतरला की त्याच आसनावर नवखा बसतो; तो उतरला की पुन्हा पहिला. बंधूंनो, हे ऐकल्याबरोबर आम्हाला गिरणी आठवली. एक साचा, दोन पाळ्या. पहिल्या पाळीच्या साचेवाल्याने धोटा नीट ठेवला नाही, तेल घातले नाही, तर दुसऱ्या पाळीवाल्याच्या पगारातून कापडाचे नुकसान कापले जाई. आमचे वडील पाळी संपल्यावर दहा मिनिटे थांबून पुढच्या माणसाला साच्याची खोड समजावून देत. त्या दहा मिनिटांचा पगार गिरणीने कधी दिला नाही. ती दहा मिनिटे म्हणजेच आमच्या लेखी संघटनेचा पहिला धडा.

आता २०१८ चा हंगाम पाहू. तो फ्रान्स, इटली, इंग्लंड, जर्मनी, बेल्जियम आणि स्पेन अशा सहा देशांत, सहा मुक्कामांत झाला; प्रत्येक देशाला एकेक मुक्काम. एप्रिलमध्ये स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे आरंभ. मे महिन्यात इटलीत ब्रेशाजवळच्या फ्रांचाकोर्ता येथे. जूनमध्ये इंग्लंडात ब्रँड्स हॅच. जून-जुलैच्या सांध्यावर फ्रान्समधील तूर. सप्टेंबरात जर्मनीतील हॉकेनहाइम. आणि ऑक्टोबरात बेल्जियममधील झोल्डर येथे समारोप.

यांतला तूरचा मुक्काम विशेष. बाकीचे मार्ग डावी-उजवी वळणे असलेले, तूरचा अंडाकृती, अमेरिकेच्या जुन्या तऱ्हेचा, सतत एकाच बाजूला वळायचे. हा मार्ग कायमचा बांधलेला नव्हे. प्रदर्शन-मैदानाच्या वाहनतळावर तो तेवढ्यापुरता उभा करायचा आणि शर्यत झाली की काढून टाकायचा. २०१२ मध्ये तो पहिल्यांदा उभारला गेला. आपल्याकडे जत्रेत मौत का कुआँ उभारतात, त्या जातीचे हे काम. मैदान रिकामे झाल्यावर भिंतीचे ठोकळे वाहून नेणाऱ्या माणसांची नावे कुठल्याही निकालपत्रकात नसतात.

या हंगामात बॉबी लबाँटी हा अमेरिकन चालक उतरला होता. २००० साली तो अमेरिकेतल्या मुख्य नॅस्कार स्पर्धेचा विजेता होता. एवढा मोठा मोहरा, पण युरोपच्या वळणांवर विजेतेपद त्याच्या हाती लागले नाही. सारखे अवजार हाती आले की मोठ्या नावाचे वजन कसे कमी होते, याचे हे उदाहरण. पहिल्या विभागाचे विजेतेपद मिळाले इस्रायलच्या अलोन डे याला. २०१७ मध्येही तोच विजेता होता, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या मुख्य स्पर्धेत उतरणारा पहिला इस्रायली चालक म्हणून त्याची नोंद झाली. पुढे २०२० आणि २०२२ मध्येही त्याने युरोपचे विजेतेपद मिळवले. त्याच्या गाडीला आधार होता काल रेसिंग या इटालियन पथकाचा.

दुसऱ्या विभागात जिंकला फ्रान्सचा युलिस देलसो. या मुलाला लहानपणी ऑटिझमचे निदान झाले होते. म्हणजे गर्दी, गोंगाट, अचानक होणारा बदल, लोकांशी बोलणे या गोष्टी ज्यांना जड जातात, त्यांतला तो. बाहेरून पाहणारा म्हणेल की, शर्यतीपेक्षा जास्त गोंगाट दुसरा कुठे असणार? परंतु शिरस्त्राण घालून गाडीत बसल्यावर कामाचा क्रम ठरलेला असतो. गिअर कुठे टाकायचा, ब्रेक कुठे दाबायचा, हे फेरीमागून फेरी त्याच जागी. आम्ही कारखान्यांत अशी माणसे पाहिली आहेत, ज्यांच्याशी कोणी बोलत नसे, ‘अर्धवट’ म्हणून ज्यांची चेष्टा होई, आणि तपासणीच्या बाकावर बसवल्यावर ज्यांच्या नजरेतून एकही खोटा तुकडा सुटत नसे. माणसाला काम जमत नाही असे म्हणण्याआधी, कामाची मांडणी त्या माणसाला सोसेल अशी केली आहे काय, हे विचारावे. देलसोच्या विजयातून आम्ही तरी हा अर्थ घेतला. आणि हा विजय दुसऱ्या पाळीतल्या माणसाचा आहे, हे विसरू नये. अलीकडच्या वर्षांत अद्वैत देवधर या भारतीय चालकानेही मालिकेच्या याच दुसऱ्या विभागात शर्यती केल्या, हे इथल्या तरुणांना ऐकायला आवडेल.

या मालिकेच्या एका नियमाबद्दल मात्र आमची तक्रार आहे. हंगामाच्या अखेरच्या टप्प्यात गुण दुप्पट मिळतात. उत्कंठा शेवटपर्यंत टिकावी आणि प्रेक्षक यावेत, असा त्याचा बचाव केला जातो, आणि तो अगदीच पोकळ नाही. तथापि ज्याने एप्रिलपासून घाम गाळला त्याच्या गाडीचा एखादा बोल्ट ऑक्टोबरात तुटला, तर उन्हाळ्याची कमाई एका दुपारी वाहून जाते. एखाद्या मालकाने म्हणावे की वर्षाच्या शेवटच्या दोन महिन्यांची हजेरी दुप्पट धरून बोनस देऊ, तर आम्ही फाटकावर उभे राहू. वर्षभराच्या श्रमाचा हिशेब वर्षभराच्या मापानेच व्हावा. खेळात हे चालत असेल. पोटाच्या व्यवहारात चालू देऊ नये.

आता आम्ही व्याख्यानाच्या गाभ्याशी आलो. या हंगामाचा आरंभ व्हॅलेन्सियाला आणि शेवट झोल्डरला झाला. खेळाच्या पानावर ही दोन गावे म्हणजे दोन शर्यतींचे मार्ग, यापलीकडे काही नाही. मोटार-कामगारांच्या इतिहासात मात्र ही दोन नावे एका दुःखद धाग्याने बांधलेली आहेत.

झोल्डर हा बेल्जियमच्या लिंबुर्ग प्रांताचा भाग. हा कोळसा-खाणींचा मुलूख. १९६६ च्या जानेवारीत तिथल्या झ्वार्टबर्ग येथील खाण बंद करण्याविरुद्ध खाण-कामगार उठले, तेव्हा गोळीबार झाला आणि माणसे मेली. पुढे एकेक खाण मिटत गेली. झोल्डरची खाण १९९२ मध्ये बंद झाली, ती बेल्जियममधली शेवटची. खाणी जाणार हे दिसत असताना लोकांना आधार कशाचा? तर शेजारच्या गेंक शहरातल्या फोर्डच्या कारखान्याचा. १९६४ मध्ये तो सुरू झाला. खाणीतल्या माणसाचा मुलगा मोटारीच्या साखळीवर उभा राहिला. शेवटी-शेवटी तिथे माँडेओ, एस-मॅक्स आणि गॅलॅक्सी या गाड्या बनत. मंदीच्या काळात कामगारांनी वेतनखर्चातली कपात मान्य केली. बदल्यात नव्या गाड्यांचे काम गेंकलाच राहील, असे आश्वासन मिळाले. तरीही २०१२ च्या ऑक्टोबरात कंपनीने जाहीर केले की कारखाना बंद होणार. सुमारे ४,३०० कामगार कारखान्यातले, आणि सुटे भाग पुरवणाऱ्या आसपासच्या कारखान्यांतले आणखी हजारो. नोव्हेंबरात गेंकचे काही कामगार जर्मनीत कोलोन येथे फोर्डच्या फाटकावर गेले, त्यांनी तिथे टायर जाळले आणि पोलिसांनी त्यांना घेरले. २०१४ च्या डिसेंबरात गेंकची शेवटची गाडी साखळीवरून उतरली.

ते काम गेले कुठे? व्हॅलेन्सियाला. तिथे अल्मुसाफेस येथे १९७६ पासून फोर्डचा कारखाना आहे. गेंकच्या तिन्ही गाड्या तिथे नेण्यात आल्या. स्पेनचा कामगार काय वाईट माणूस होता काय? मुळीच नाही. त्याच्याही देशात तेव्हा बेकारीचा वणवा होता, आणि आलेले काम नको असे कोणत्या तोंडाने म्हणणार? पण पुढे काय झाले तेही ऐका. २०२२ मध्ये माँडेओ बंद झाली, २०२३ मध्ये गॅलॅक्सी आणि एस-मॅक्स. त्याच २०२३ मध्ये व्हॅलेन्सियातही हजाराहून अधिक नोकऱ्या कमी करण्यात आल्या. भावाच्या ताटातून उचललेला घास दहा वर्षेही पुरला नाही.

आता २०१८ चा तो हंगाम पुन्हा डोळ्यांपुढे आणा. एप्रिलमध्ये व्हॅलेन्सियाच्या मार्गावर फोर्डचे कवच चढवलेल्या मस्टँग गाड्या सुटल्या. ऑक्टोबरात त्याच गाड्या झोल्डरला पोचल्या. सज्जात बसलेल्यांत गेंकच्या साखळीवर वीस-वीस वर्षे काढलेली माणसे नसतील, असे कोण म्हणेल? ज्या निळ्या नाममुद्रेने फाटक मिटले, तीच नाममुद्रा गाडीच्या नाकावर. माणसे टाळ्या वाजवतात, आणि त्यात काही गैरही नाही. यंत्रावर माया करणे हा कामगाराचा स्वभावच आहे. आम्हाला एवढेच दाखवायचे आहे की, शर्यतीच्या मैदानात एक गाडी दोन माणसे वाटून घेतात, आणि एकाने ती मोडली तर दुसऱ्याचे नुकसान होते हे दोघांनाही समजते. गेंक आणि व्हॅलेन्सिया यांच्यामध्येही एकच काम वाटून घ्यायचे होते. तिथे मात्र दोन पाळ्यांना एकमेकांशी बोलण्याची ती दहा मिनिटे मिळाली नाहीत. मालक एक होता. कामगार दोन देशांचे होते.

हे दूरदेशीचे दुखणे म्हणून सोडून देऊ नका. शेव्हरोलेचे कवच या शर्यतींत मिरवते. त्याच शेव्हरोलेच्या गाड्या आपल्या पुणे जिल्ह्यात तळेगावला बनत. २०१७ मध्ये त्यांची भारतातली विक्री थांबली, तरी तळेगावचा कामगार परदेशी पाठवायच्या गाड्या बनवीत राहिला, आणि २०२० च्या डिसेंबरात तेही उत्पादन थांबले.

आता अमेरिकेतला तो धागा. शर्यत-चालकांनी संघटना करण्याचा प्रयत्न केला काय? केला, आणि दोनदा केला.

पहिला प्रयत्न १९६१ चा. कर्टिस टर्नर हा त्या काळचा नामांकित चालक. शार्लट येथे १९६० मध्ये मोठा शर्यत-मार्ग उभा राहिला, त्याच्या उभारणीत तो भागीदार होता. मार्गावर कर्ज चढले. टर्नर पैशासाठी टीमस्टर्स या मालमोटार-चालकांच्या बलाढ्य युनियनकडे गेला. तिने कर्जाच्या बदल्यात मागितले एवढेच की, शर्यत-चालकांची युनियन बांधून द्या. टर्नरने चालकांच्या सह्या गोळा केल्या. मागण्या रास्त होत्या: बक्षिसात मोठा वाटा, विमा, निवृत्तिवेतन. बिल फ्रान्सने ठणकावले की युनियनचा माणूस आपल्या शर्यतीत धावणार नाही. एकामागून एक चालकांनी सह्या मागे घेतल्या. उरले दोघे, टर्नर आणि दोन वेळचा विजेता टिम फ्लॉक. दोघांवरही आजन्म बंदी आली. ती १९६५ मध्ये उठली, आणि त्याच वर्षी टर्नरने रॉकिंगहॅमची शर्यत जिंकून दाखवली. पण युनियन संपली ती संपलीच.

आमचे सहकारी ही कथा ऐकून मालकाला शिव्या देतात. त्या द्याव्यात, पण तिथेच थांबू नये. ती युनियन चालकांच्या गरजेतून जन्मली नव्हती, पुढाऱ्याच्या कर्जातून जन्मली होती. सही करणाऱ्याला विचारले असते की, ‘बाबा, तू कशासाठी सही केलीस?’ तर ‘टर्नर म्हणाला म्हणून’ यापलीकडे त्याला किती सांगता आले असते? अशी सही पहिल्या धमकीला पुसली जाते. सभासदाची पावती फाडण्याआधी त्याच्या ओट्यावर बसून त्याचे दुःख ऐकावे लागते, याला दुसरा मार्ग नाही.

दुसरा प्रयत्न १९६९ चा. या वेळी प्रश्न जिवाचा होता. अलाबामात टॅलाडेगा येथे नवा प्रचंड मार्ग बांधला होता. गाड्यांचा वेग ताशी ३२० किलोमीटरच्या घरात जाऊ लागला आणि तेवढ्या वेगात टायर फाटू लागले. चालकांनी त्याआधीच आपली संघटना स्थापली होती. अध्यक्ष होता रिचर्ड पेटी, त्या खेळातला सर्वांत लोकप्रिय माणूस. सप्टेंबरात पहिल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी बहुतेक नामांकित चालक गाड्या घेऊन घरी निघून गेले. मागणी सच्ची, पुढारी सच्चा, एकी चांगली. तरी शर्यत झाली! कशी? आदल्या दिवशी लहान गाड्यांच्या खालच्या वर्गाची शर्यत होती. फ्रान्सने त्या चालकांना थांबवून घेतले आणि मोठ्या शर्यतीत उतरवले. रिचर्ड ब्रिकहाउस नावाचा तरुण विजयी झाला. ती संघटना पुढे काही वर्षांत विरून गेली.

खालच्या वर्गाच्या त्या चालकांना ‘फितूर’ म्हणणे सोपे आहे. आम्ही विचारतो, वरच्या वर्गाने त्यांना आपल्यात कधी घेतले होते? बदली कामगाराला युनियनच्या बैठकीला बोलवायचे नाही, कंत्राटी कामगाराच्या ओळखपत्राचा रंग निराळा म्हणून त्याच्याबरोबर चहा प्यायचा नाही, आणि संपाच्या दिवशी मात्र त्याने फाटकाबाहेर उभे राहावे ही अपेक्षा करायची! टॅलाडेगात जे झाले ते आपल्या औद्योगिक वसाहतींत आम्ही अनेकदा पाहिले आहे. कायम कामगारांचा संप कंत्राटी माणसांच्या जोरावर मोडला जातो, आणि दोष मालकाच्या धूर्तपणाला दिला जातो. मालक धूर्त असणारच. त्याची चूल त्यावर पेटते. दुसऱ्या पाळीच्या माणसाला आपला मानायचे की नाही, हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात असते.

म्हणून आम्हाला युरोपातल्या त्या मालिकेची मांडणी बोधप्रद वाटते. तिथे पहिल्या आणि दुसऱ्या विभागाचे चालक एकमेकांना विसरूच शकत नाहीत. शनिवारी नवख्याने गाडी भिंतीला ठोकली, तर रात्रभर जागून मेकॅनिक ती सरळ करणार आणि रविवारी मुरलेला गडी त्याच गाडीत बसणार. साहजिकच मुरलेला नवख्याला शिकवतो. त्यात त्याचाच फायदा आहे. ही मांडणी आयोजकांनी कामगारांच्या कळवळ्याने केलेली नाही, खर्च वाटला जावा म्हणून केली आहे. परंतु हेतू काहीही असो, एका अवजाराभोवती बांधलेली माणसे एकमेकांची होतात, हा नियम त्यामुळे खोटा ठरत नाही.

कोणी म्हणेल, हा तर श्रीमंतांचा खेळ, इंधनाची राखरांगोळी. कामगाराने त्याचे कौतुक का ऐकावे? इंधनाचा आक्षेप खरा आहे आणि त्याला आमच्याजवळ उत्तर नाही. पण ज्याला आपण श्रीमंतांचा खेळ म्हणतो, तो उभा असतो फिटर, वेल्डर, टायर बदलणारे, ट्रक हाकणारे आणि मैदान झाडणारे यांच्या पाठीवर. त्यांच्याकडे पाहायचे नाही असे ठरवले, तर आपणही निकालपत्रक छापणाऱ्यांच्याच पंक्तीला जाऊन बसलो.

तरुण मित्रांनो, शर्यती जरूर पाहा. अलोन डेचे कसब पाहा, देलसोची एकाग्रता पाहा. पण पाहताना ते तीन प्रश्न जवळ ठेवा: यंत्र कोणाचे, चालवणार कोण, मोडले तर भुर्दंड कोणावर. आणि उद्या सकाळी कामावर गेलात की, आपल्या आधी त्या यंत्रावर कोण होता आणि आपल्यानंतर कोण येणार, त्याचे नाव विचारून घ्या. तो कायम आहे की कंत्राटी, आपल्या गावचा आहे की बिहारचा, हे नंतर विचारले तरी चालेल. पाळी बदलताना दहा मिनिटे थांबा. त्या दहा मिनिटांचा पगार आजही कोणी देत नाही. पण गेंकच्या आणि व्हॅलेन्सियाच्या कामगारांना ती मिळाली असती, तर त्यांची कहाणी वेगळी सांगता आली असती, अशी आमची श्रद्धा आहे.